कच्चा फोटो

ईश्वरीच्या डोळ्यात काहीतरी चमकलं, ते घरात एकट्या समिधाने पाहिलं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भर दुपारची वेळ, पण विट्याच्या त्या घराचं स्वयंपाकघर कायमच अंधारं; मागच्या दाराच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा तेवढा आत यायचा. पावणेतीन वर्षांची पोरगी ताटलीत कुरमुरे घेऊन नेमकी त्या पट्ट्यात बसली होती. आईने हाक मारली म्हणून तिने मान वळवली आणि डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसली. रस्त्यावरच्या मांजरावर गाडीचा दिवा पडावा, तशी. दुसऱ्या क्षणी मान खाली गेली, पोरगी सांडलेले कुरमुरे वेचायला लागली, आणि समिधाच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं.

भाकरी करपली. सासूबाई, ज्यांना ती तिकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणे, वासाने आत आल्या. समिधाने जे दिसलं ते सांगितलं. आत्यांनी नातीची हनुवटी धरून डोळे बघितले, ते काळेभोर होते, आणि मग सुनेकडे बघितलं. ही सून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तापमापक उशाशी घेऊन झोपणारी. पोरगी शिंकली तरी तिच्या कपाळाला हात लावणारी.

"एवढं शिकलीस ते लेकराच्या अंगावर रोग हुडकायला काय गं?" आत्या म्हणाल्या. "भाकरी बघ आधी."

समिधाने भाकरी बघितली. मग फोन घेतला आणि पोरीचे फोटो काढले. उजेडात, अंधारात, फ्लॅश लावून, समोरून, तिरके. चाळीस तरी असतील. एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. कितीही मोठा करा, पापणीचा केस न केस दिसत होता. आणि प्रत्येक फोटोत दोन काळ्याशार बाहुल्या, प्रत्येकीत टिकलीएवढी चमक. मनाचे खेळ असतील, असं तिने स्वतःला समजावलं. तरी राहवेना, म्हणून ‘बालसाथी’वर एक व्हिडिओ पाठवला. हल्ली मुलांची पहिली तपासणी तिथेच व्हायची. थोड्याच वेळात पडद्यावर एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी मन लावून पाहिलं, पोरीला इकडे-तिकडे बघायला लावलं आणि निर्वाळा दिला की दोन्ही डोळे निर्दोष आहेत. पहिलंच मूल का, असंही त्यांनी हसून विचारलं.

संध्याकाळी रणधीरचा फोन आला. विट्याकडची माणसं कित्येक पिढ्या देशभर पांगलेली आहेत, सोनं गाळायला. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात उकळून त्यातलं तांबं-चांदी काढायचं आणि शुद्ध सोनं सराफाला परत द्यायचं, हा त्यांचा धंदा. रणधीर कोइमतूरला एका सोनं गाळायच्या दुकानात होता. जानेवारीत ईश्वरीचं बोरन्हाण करून गेला तो गेलाच. दुकान सोडून येणं जमलं नव्हतं. पण रोज सहाला तो पडद्यावर हजर असे आणि पोरगी जेवताना त्याच्याशी बोलत असे. समिधाने डोळ्याचा विषय काढला तसा तो हसायला लागला. उन्हाळ्यात ईशू पडली, भुवईवर तीन टाके पडले, तेव्हाही तू असाच आकांत केला होतास, असं त्याचं म्हणणं. मला तर फोनवर साधा ओरखडासुद्धा दिसला नाही, असंही तो म्हणाला.

"रोज बघतोय की मी तिला," तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा जवळून बघतोय. डोळे बघ कसे आहेत, काचेच्या गोट्या."

भुवईवरची ती खूण समिधाच्या समोर होती, बोटाच्या पेराएवढी. फोनमध्ये ती दिसत नाही, हे तिला तेव्हाही जाणवलं होतं. उजेडामुळे असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

पुढचा महिना तिने पाळत ठेवली. एकदा टीव्हीसमोर, एकदा देवाच्या समईपाशी, पुन्हा तीच पांढरी झाक. डावा डोळा हळूच नाकाकडे ओढल्यासारखाही वाटायला लागला. पण फोन उचलला की सगळं जागच्या जागी. शेवटी तिला स्वतःच्याच नजरेची भीती वाटू लागली. आत्यांनी एकदा तिची दृष्ट काढली. पोरीची नाही, सुनेची.

डिसेंबरात बालवाडीत नाव घालायचं ठरलं. ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, आणि तो फोनवरचा चालत नव्हता. ओळखीच्या कागदांना ‘कच्चा फोटो’च लागेल, म्हणजे यंत्राने हात न लावलेला, असा नियम होता. अख्ख्या विट्यात असा फोटो काढणारं एकच दुकान उरलं होतं, शिकलगार चाचांचं. चाचांचा कॅमेरा त्यांच्याइतकाच जुना आणि त्यांच्यासारखाच जड.

चाचांनी ईश्वरीला उंच स्टुलावर बसवलं, चिमणीचा आवाज काढला आणि फ्लॅश टाकला. पाठीमागच्या छोट्या पडद्यावर बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. पुन्हा फ्लॅश. मग तिसरा. मग ते कॅमेरा घेऊन समिधाकडे आले, जरा ओशाळून.

"फ्लॅश दगा देतोय ताई आज. एका डोळ्यात लाल येतंय, ते ठीक. दुसऱ्यात पांढरं येतंय. थांबा, काँप्युटरवर काढून देतो, कुणाला कळायचं नाही."

समिधाने पडदा पाहिला. ईश्वरी हसत होती. उजव्या बाहुलीत निखाऱ्यासारखा लाल ठिपका. डावी बाहुली पांढरी, दुधाच्या थेंबासारखी. तिन्ही फोटोंत. महिनाभर जे फक्त तिला दिसत होतं, ते इथे कुणीही बघावं असं समोर होतं. तिने स्टुलाचा दांडा धरला.

"काढू नका," ती म्हणाली. "चाचा, तुम्हाला हात जोडते, काही काढू नका."

चाचांनी फोटो तसाच छापून दिला. दुकानाच्या पायरीवर बसून समिधाने आपला फोन उघडला, त्याच पोरीचा, त्याच मिनिटाला एक फोटो काढला आणि दोन्ही शेजारी धरले. फोनमधली ईश्वरी देखणी होती. भुवई अखंड, डोळे सरळ, बाहुल्या काळ्या. कागदावरची ईश्वरी तिच्या मांडीवर बसून चॉकलेटचा कागद चाटत होती.

‘उजळ’ हे फोटो सुधारणारं ॲप प्रत्येक फोनमध्ये आलं त्याला तीन वर्षं झाली होती. फोनच्या कॅमेऱ्याची काच मुगाच्या डाळीएवढी. तिच्यातून येऊन येऊन उजेड येणार किती? मिळतं ते धूसर, ठिपक्याठिपक्यांचं. पूर्वी ते तसंच ताणून मोठं करत, आणि मोठं केलं की फाटायचं. ‘उजळ’ ताणत नव्हतं. कोट्यवधी चेहरे पाहून ते शिकलं होतं की नाक असं असतं, पापणी अशी असते. धुरकट ठिपके बघून इथे काय असायला हवं, याचा ते अंदाज बांधायचं आणि तो अंदाज नव्याने रंगवायचं. घरातल्या माणसांचं तर ते जुन्या फोटोंवरून एक तोंडपाठ चित्र ठेवायचं आणि दर वेळी त्याच्या आधाराने चेहरा भरून काढायचं. नेटवर्क कमी पडू नये म्हणून व्हिडिओवर बोलतानाही नुसत्या हालचाली पलीकडे जायच्या. चेहरा पलीकडचा फोन रंगवायचा. जाहिरातीत हे सगळं होतं. समिधाने ते वाचलंही होतं. पण वाचणं निराळं आणि आपली पोर मांडीवर असताना तिचं चित्र हातात धरणं निराळं. वर्षभर या घराने फोनमधून जिला पाहिलं, ती ही नव्हतीच.

तिने घरी न जाता मिरजेची बस धरली.

मिरजेच्या डोळ्यांच्या इस्पितळात डॉक्टर मगदूम नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चाचांचा फोटो पाहिला आणि लगेच नर्सला थेंब घालायला सांगितले. तासाभराने बाहुल्या मोठ्या झाल्यावर त्यांनी पोरीला आडवं धरायला लावून भिंगातून आत बघितलं. फार वेळ बघितलं. मग समिधाला समोर बसवून सांगितलं. बाहुली म्हणजे एक खिडकी. उजेड त्यातून आत जातो, मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवर आपटून परत येतो, म्हणून फ्लॅशमध्ये निरोगी डोळा लाल दिसतो. आत गाठ असली की उजेड गाठीवरून परततो, आणि गाठ पांढरी असते.

"हा पडद्याचा कर्करोग आहे," त्या म्हणाल्या. "लहान मुलांनाच होतो. हा डोळा वाचणार नाही. मूल वाचेल, पण गाठ डोळ्याच्या शिरेत शिरायच्या आत डोळा काढावा लागेल. या आठवड्यात."

समिधा रडली नाही. तिला फक्त ऐकू येणं बंद झाल्यासारखं झालं. डॉक्टर मगदूम पुढे काय म्हणाल्या, ते तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. पूर्वी असे रोगी लवकर यायचे, असं त्या सांगत होत्या. घरगुती फोटोत आईबापांनाच पांढरा डोळा दिसायचा आणि ते घाबरून धावत यायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत सगळे उशिरा येतात. कधीपासून असेल, हे कळलं तर बरं, असं म्हणून त्यांनी तिच्या फोनकडे हात केला. ‘उजळ’ केलेल्या दुरुस्त्यांची नोंद आत कुठेतरी ठेवतं, हे त्या आता शिकल्या होत्या.

नोंद सापडली. ‘डोळ्यातील दोष काढला’, शेकडो वेळा, खाली खाली सरकत गेलेली. सर्वांत पहिली तारीख जानेवारीतली होती, बोरन्हाणाची. समिधाने ती उघडली. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, डोक्यावरून ओघळणारी बोरं आणि चुरमुरे, हसून वेडी झालेली पोर. फोटोखाली ‘उजळ’ने तेव्हा एक प्रश्न विचारला होता: ‘डाव्या डोळ्यात पांढरी चमक आहे. काढू का?’ आणि खाली तीन उत्तरं. नको. या वेळी काढा. नेहमी काढा.

‘नेहमी काढा’वर टिचकी मारलेली होती.

ती कुणी मारली, हे तिला लख्ख आठवलं. दारात पाच-सहा बायका, आत्या हाका मारतायत, एका हातात बोरांचं ताट, दुसऱ्या हातात फोन, आणि फोन काहीतरी विचारतोय. रणधीर उद्या निघणार, त्याच्याजवळ लेकीचा सुंदर फोटो असावा, एवढंच तिच्या मनात होतं. न वाचता तिने अंगठा टेकवला होता. यंत्राने अकरा महिन्यांपूर्वी तिला सांगितलं होतं. या पोरीच्या अंगावरचं केसभर बदललेलं जिला कळायचं, तिने ते पुसायला सांगितलं होतं.

शस्त्रक्रियेच्या कागदावर आईची सही चालत होती, पण बापाचीही झाली तर बरं, असं डॉक्टर म्हणाल्या. पुढे घरात वाद होतात, त्यांनी पाहिले होते. समिधाने इस्पितळाच्या आवारातूनच रणधीरला फोन लावला. सहा वाजायला थोडा वेळ होता. तो पडद्यावर आला, तुकतुकीत, ताजातवाना.

त्याला पटेना. रागावलाच तो. कुठल्या डॉक्टरने पांढरा डोळा सांगितला आणि तू पोरीचा डोळा काढायला निघालीस, असं विचारायला लागला. ‘बालसाथी’च्या डॉक्टरांनी निर्वाळा दिलाय, आई म्हणते डोळा चांगला आहे, मी आत्ता या क्षणी बघतोय तो चांगला आहे. तूच पोरीला आजारी पाडशील एक दिवस. मी सही करणार नाही आणि तूही करायची नाहीस. समिधाने चाचांच्या फोटोचा फोटो काढून पाठवला, तर तो त्याच्याकडे पोचेपर्यंत ‘उजळ’ने दुरुस्त केला. "यात काय आहे?" तो म्हणाला. "दोन्ही डोळे काळे आहेत."

मग समिधाने विचारलं, "गिऱ्हाईकाने सोन्याच्या दागिन्याचा फोटो पाठवला, तर त्यावरनं तुम्ही टंच सांगता का?"

टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. रणधीरचं आयुष्य त्या एका शब्दावर चाललेलं.

"फोटोवरनं कोण टंच सांगेल?"

"का नाही? पिवळंधमक दिसतंय की."

"वरनं सगळंच पिवळं दिसतं. वितळवल्याशिवाय..." तो थांबला.

"अकरा महिने तुम्ही वरचा मुलामा बघताय," समिधा म्हणाली. "मीच दिलाय तो. बोरन्हाणाला फोनने मला विचारलं होतं, डोळ्यातलं पांढरं काढू का म्हणून. मी हो म्हटलं. चूक माझी आहे, मला काय बोलायचं ते सगळं बोला. पण इथं येऊन बोला. पोरीला हातात घेऊन बघा आणि मग हवं तर सही करू नका."

पडद्यावरचा चेहरा तसाच प्रसन्न होता. ‘उजळ’ला माणूस हादरल्यावर कसा दिसतो, ते रंगवायला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज मात्र बदलला. येतो, एवढंच तो म्हणाला.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पोचला. मुलांच्या वॉर्डात सहा खाटा होत्या. ईश्वरी तिसऱ्या खाटेवर बसून केळं खात होती आणि समिधा दारापाशी नळावर बाटली भरत होती. एक माणूस पिशवी घेऊन तिच्या शेजारून आत गेला. गाल बसलेले, दाढीत पांढरे केस, एका भुवईचे केस जळलेले. कुणाचा तरी काका असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. तो खाटा बघत चालला. पहिली, दुसरी. तिसऱ्या खाटेपाशी तो क्षणभर थांबला. आखूड केसांची पोरगी, उन्हाळ्यात गळवं आली म्हणून केस कापलेली. भुवईवर टाक्यांचा वण. डावा डोळा नाकाकडे वळलेला. परक्याच्या लेकराकडे बघून हसावं तसं तो तिच्याकडे बघून हसला आणि पुढे गेला. चौथी. पाचवी. सहावी खाट संपल्यावर तो गोंधळून वळला, आणि तेव्हा त्याच्या अंगातला निळा चौकडीचा शर्ट समिधाने ओळखला. तो तिनेच घेतला होता.

बाटली भरून वाहत होती. त्यानेही तिला आता ओळखलं आणि तो जवळ आला.

"ईशू कुठं आहे?" त्याने विचारलं.

समिधाने बोट दाखवलं. बोट कुठे जातंय ते रणधीरने पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्याला कळलं. तो परत तिसऱ्या खाटेपाशी आला तो जवळजवळ धडपडत. हात पुढे केले. ईश्वरी मागे सरकली, भिंतीला टेकली आणि केळं पाठीमागे लपवलं.

"ईशू, मी बाबा."

"बाबा फोनात आहे," पोरीने त्याला नीट समजावून सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. चुकीच्या घरी आलेल्या माणसाला पत्ता सांगावा, तसं तिने सांगितलं.

डॉक्टर मगदूम आल्या. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून छोटी बॅटरी पोरीच्या डोळ्यांवर धरली आणि रणधीरला आपल्या जागी उभं केलं. उजवी बाहुली लाल. डावी पांढरी. त्याने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग खाली फरशीवर बसला आणि बसल्या बसल्याच कागद मागितला. सही करताना त्याची बोटं कागदावर पसरली होती. पेरापर्यंत पिवळी पडलेली, कातडी सोललेली. समिधाची नजर तिथे अडकली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा पिवळा रंग तिने पाहिला होता. तेजाब, म्हणजे नत्राम्ल, कातडीला लागलं की असा उतरतो, आणि धुतला तरी जात नाही. आणि जिथे तेजाब हातावर उतरतं, तिथे त्याचा धूर छातीत उतरतोच.

रणधीर खोकला. एकदा, मग सलग, खांदे हलवत. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. अकरा महिने रोज संध्याकाळी ती या माणसाशी बोलत होती. एकदाही तिला खोकला ऐकू आला नव्हता. ‘उजळ’ आवाजातली खरखरही काढायचं.

"कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"सांगितलं का नाही?"

त्याने तोंड पुसलं. "सांगणार होतो. पण मी फोन लावला की तू आधी म्हणायचीस, तब्येत छान दिसतेय तुमची. मग वाटायचं, असेल."

समिधा त्याच्या शेजारी फरशीवर बसली. सकाळी आठला पोरीला आत न्यायचं होतं. त्यानंतर छातीच्या डॉक्टरांकडे, असं ती म्हणाली. तो नको म्हणाला नाही. खाटेवरून ईश्वरी दोघांकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने लपवलेलं केळं पुढे काढलं, उरलेल्यातला अर्धा तुकडा मोडला आणि खाली वाकून त्या खोकणाऱ्या माणसापुढे धरला. त्याने तो घेतला. घेताना त्याला पुन्हा उबळ आली, आणि समिधाने कानावर येणारं बाकी सगळं बाजूला सारून तो खोकला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.